चूलबंद आवतन

आवतन उंबऱ्यावर येतं, फोनवर येत नाही, एवढंच मैनाबाईचं म्हणणं होतं. पण नथ्थू ऐकायला तयार नव्हता. फोन कानाला लावून तो अंगणभर फिरला होता, आणि बोलणं संपल्यावरही फोन हातात धरून उभा राहिला होता, जसं काही त्यातून अजून काही गोड बाहेर पडणार आहे.

"घनश्याम होता," तो म्हणाला. "पोरीचं, राखीचं लगन हाय शनवारी. बालाघाटले, लॉनमंदी. सगळे या म्हनला. श्रुतिकाले बी आना म्हनला. घरी सैपाक करू नका, खानं-पेनं तिथंच."

"अक्षता कोन घेऊन आलं?"

"आता कोन अक्षता घेऊन फिरते वो? जमाना फोनचा हाय."

"मंग सरपंचाच्या घरी काहून गाडी घेऊन गेलता तो? त्यायच्याकडे फोन नाही?"

नथ्थूनं फोन खिशात घातला. आदल्या दिवशी सरपंचाच्या दारात घनश्यामची पांढरी गाडी उभी असलेली सगळ्या गावानं पाहिली होती. नवरा-बायको दोघं उतरली होती, हातात ताटली, ताटलीत अक्षता, वर सोनेरी अक्षरांचं कार्ड आणि मिठाईचा डबा.

बालाघाट जिल्ह्यातल्या, हट्ट्याकडच्या त्या गावात आवतनाची रीत जुनी होती. घरचं माणूस हळदीच्या अक्षता घेऊन येतं, उंबऱ्यावर चार दाणे ठेवतं आणि कोणाकोणाला जेवायचं आवतन आहे ते तोंडानं सांगतं. एकट्याचं आवतन असतं, जोडप्याचं असतं, आणि सगळ्यात मोठा मान म्हणजे चूलबंद आवतन. म्हाताऱ्यापासून रांगत्या पोरापर्यंत सगळं घर जेवायला, आणि त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. चूल पेटली तर देणाऱ्याचा अपमान. आणि चूल विझवून गेलेलं घर उपाशी परत आलं, तर त्या अपमानाला नावच नाही.

नथ्थूच्या घराला असं आवतन घनश्यामच्या आईच्या वेळी यायचं. जिजाबाई स्वतः यायची. म्हणजे बौद्ध मोहल्ल्याच्या तोंडाशी येऊन थांबायची आणि अक्षता लांबूनच फेकायची. त्यातल्या अर्ध्या अक्षता कोंबड्याच खायच्या. जेवायला गेलं की मांडवाच्या मागं वेगळी पंगत. नथ्थूच्या बापानं एकदा ती पंगत पाहिली, भरल्या पानावरून उठला आणि पुन्हा त्या घरी जेवला नाही. कामाला मात्र जावंच लागलं. नथ्थू गेला, मैनाबाई गेली. त्यांच्या बांध्यांमध्ये, म्हणजे शेतांत, धानाची रोवणी करण्यात तिची कंबर गेली. आता रोवणीला मोहल्ल्यातल्या बायांची टोळीच तिच्या मागं चालते. राखी जन्मली तेव्हा तिला पायांवर घेऊन न्हाऊ घालायला मैनाबाईच होती. त्या घरात तेव्हा तिचा हात चालत होता, तिच्या हातचं पाणी चालत नव्हतं.

म्हणून नथ्थूला त्या फोनचं एवढं अप्रूप.

"लॉनमंदी पंगतच नसते," तो म्हणाला. "ज्यानं त्यानं ताट घ्याचं अन् उभ्यानं खायाचं. मांडवाच्या मागं-पुढं काई राह्यलंच नाही. बाप पाहिजे होता आज."

ओट्यावर त्यांची नात श्रुतिका वही घेऊन बसली होती. तिचे आईबाप नागपूरला कामाला, पोर लहानपणापासून आजी-आबांकडे. बालाघाटच्या कॉलेजात बी.ए. करत होती आणि बसस्टँडजवळच्या इंग्रजीच्या क्लासलाही जात होती. ती कधी दुसऱ्याच्या बांधीत उतरली नव्हती. कुणाच्या लग्नात तिनं पत्रावळ उचलली नव्हती. "परायं उष्टं या पोरीच्या हाताले लागू देनार नाही," असं मैनाबाई ती पाळण्यात असताना बोलली होती आणि तो शब्द तिनं पाळला होता. मोहल्ल्यातल्या बाया "कलेक्टरीन बाई" म्हणून पोरीला चिडवायच्या. मैनाबाई म्हणायची, "हौ, हाय कलेक्टरीन. तुमाले काई तरास?"

मैनाबाई स्वतः केस पांढरे झाल्यावर विहारातल्या वर्गात बाराखडी शिकली होती. तेव्हापासून कोणी वही उघडली की तिला तिथं बसायची खोड लागली होती.

"आज काय देल्लं तुह्या सरनं?"

"दोन शब्द देल्ले. कॉल अन् इन्व्हाइट. दोन्हीचा वापर लिवून आना म्हनले. डिक्शनरीत पाह्यलं तं दोन्हीले हिंदीत बुलानाच लिवलं हाय."

"मंग दोन शब्द कायले पाहिजे?"

"तेच तं सर समजावून राह्यले होते. डॉक्टरले कॉल करतात, पोलिसले कॉल करतात, नळवाल्याले करतात. पाव्हण्याले इन्व्हाइट करतात."

"अन् पाव्हण्याले कॉल केलं तं?"

"तं त्याले वाटते, काई काम हाय आपल्याकडे." श्रुतिका हसली. "कॉलमंदी गरज बलावनाऱ्याची राह्यते, आजी. इन्व्हाइटमंदी मान येनाऱ्याचा. अन् एक फरक अजून हाय. इन्व्हाइट केलं का समोरच्याले इचारावं लागते, येता का नाही. तो नाही म्हनू शकते. नाही म्हनलं तं आपन राग धराचा नाही."

"अन् कॉलले नाही म्हनलं तं?"

"मास्तरनं वर्गात बलावलं तं मी नाही म्हनू शकते कां?"

मैनाबाई थोडा वेळ वहीतल्या त्या दोन शब्दांकडे बघत राहिली. तिला ती इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती. पण एक आखूड होता आणि एक लांब, एवढं दिसत होतं.

"म्हंजे बलावनं अन् आवतन," ती म्हणाली. "हे तं आमाले अडानी होतो तवापासून मालूम हाय. मंग तूच सांग, घनश्यामनं आपल्याले काय केलं?"

नथ्थूनं मान वर केली. पोरगी दोघांकडे आळीपाळीनं पाहू लागली. आबाचा चेहरा तिला मोडवला नाही.

"इन्व्हाइट फोनवर बी करतात, आजी. आजकाल सगळे तसेच करतात."

"पाह्य!" नथ्थू म्हणाला. "शिकलेल्या पोरीनं सांगतलं. आता तरी ऐकशीन?"

शनिवारी मैनाबाईनं चुलीतली राख काढली, चूल सारवली. गॅसची शेगडी होती तीही पुसून वर फडकं टाकलं. नथ्थूनं चहा मागितला तर म्हणाली, "चूलबंद म्हंजे चूलबंद. मान पाहिजे नं तुमाले? मंग चहा सोडा." नथ्थू बिनचहाचाच मोहल्लाभर हिंडून आला आणि आज आपली चूल बंद आहे हे विचारलं त्याला आणि न विचारलं त्यालाही सांगून आला. मग त्यानं पांढरा सदरा घातला, निळा गमछा खांद्यावर टाकला. श्रुतिकानं नवा पिवळा ड्रेस घातला. मैनाबाईनं राखीसाठी वारासिवनीची साडी आणून ठेवली होती. ती पिशवीत घालून काखेत धरली आणि तिघं बसनं बालाघाटला गेली.

लॉनच्या मोठ्या दारावर फुलांची कमान होती. खाली गालिचा. आत येणाऱ्यांच्या अंगावर दोन पोरी गुलाबपाणी उडवत होत्या. नथ्थूनं चपला झटकल्या, गमछा नीट केला आणि गालिच्यावर पाय ठेवणार, एवढ्यात बाजूनं घनश्यामचा पुतण्या राकेश धावत आला. कोटात होता, कानाला फोन, कपाळावर घाम.

"अरे काका! अभी आ रहे हो? सुबह से राह देख रहा हूँ। चाचा ने बोला था ना, टाइम से आना?"

नथ्थू खूश झाला. आपली वाट पाहत होते. "बस उशिरा आली गा," तो म्हणाला.

"चलो, चलो, इधर से नहीं। पीछे से।"

मागच्या बाजूला कनात होती. कनातीच्या आड भट्ट्या, कढया, कांद्याच्या साली, चिखल. चिखलात पाट टाकून चार बाया ताटांचा ढीग घासत होत्या. राकेशनं फोन कानाला लावूनच बोटं दाखवली.

"काका, आप पार्किंग में। काकी, आप यहाँ बर्तन पे। और ये कौन, पोती है? अच्छा है, साफ-सुथरी है। इसको ट्रे दे दो, जूठे गिलास उठाएगी आगे। ए लड़की, ये जैकेट पहन ले।"

कुणीतरी लाल जाकीट श्रुतिकाच्या अंगावर टाकलं. कुणीतरी हातात ट्रे दिला. ट्रेमध्ये उष्टे ग्लास होते, एकाच्या काठाला लिपस्टिक लागली होती. पोरगी तशीच उभी राहिली. राकेशनं नथ्थूपुढे शिट्टी आणि काठी धरली.

आणि नथ्थूनं काठी घेतली.

मैनाबाईनं ते पाहिलं. राकेश बोलला त्यापेक्षा, पोरीच्या अंगावर जाकीट पडलं त्यापेक्षा, नवऱ्याचा तो पुढे गेलेला हात पाहून तिच्या टाळूला आग लागली. त्या हातानं विचारही केला नव्हता. बैलाच्या पुढं जू धरलं की बैल मान देतो, तसा तो हात गेला होता.

"आजी, होऊ दे," श्रुतिका हळूच म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "लोक पाहून राह्यले. थोड्याच वेळची गोष्ट हाय. करून टाकू अन् चाललं जाऊ."

"करून टाकू?" मैनाबाई म्हणाली. "हे 'करून टाकू' कोनं शिकवलं तुले? तुह्या सरनं? ठेव तो ट्रे."

"आजी..."

"ठेव म्हनते नं!"

ट्रे चिखलात आदळला. घासणाऱ्या बायांचे हात थांबले. मैनाबाईनं पोरीच्या अंगातलं जाकीट ओढून काढलं, नथ्थूच्या हातातली काठी हिसकली आणि कनात वर करून सरळ आत शिरली. हिरवळीवरून, सोफ्यांच्या मधून, चाट खात उभ्या असलेल्या बायांच्या मधून. तिचे पाय चिखलाचे होते. गालिच्यावर ते पाय उमटत गेले.

घनश्याम मोठ्या दाराशी फेटा बांधून उभा होता आणि येणाऱ्यांचे हात हातात घेत होता. मैनाबाईला पाहून त्याचा हसरा चेहरा तसाच राहिला, डोळे मात्र तिच्या हातातल्या काठीवर गेले.

"काकी! कवा आल्या? जेवल्या कां?"

"जेवले नाही. चूल बंद करून आलो आमी. घरातले सगळे. तू बोलला नं, घरी सैपाक करू नका?"

"हौ नं काकी. खानं इथंच हाय तुमचं."

"कवा हाय? ताटं घासल्यावर?"

घनश्यामनं आजूबाजूला पाहिलं. शेजारी कोणी शहरातले पाहुणे होते, ते जरा सरकले.

"हळू बोला काकी. घरचंच लगन हाय आपलं. घरचेच लोक करतात नं काम? तुमी काई परके हा? राखीले तं तुमीच पोसली."

"घरचे लोक करतात?"

"हौ."

"मंग तुही बहीन कुठी हाय? ती घरची हाय का नाही? बलाव तिले. सोफ्यावर बसून मेंदी वाळवून राह्यली ती? ये म्हना. मी घासते, तिनं विसळावं. तुहा साळा कुठी हाय? त्याले दे हे काठी, अन् उभा कर गाड्याइपाशी. तुही पुतनी हाय माह्या नातीच्या वयाची. तिले दे ते लाल जाकीट. सगळे घरचे एका ठिकानी येऊ दे, मंग मी बी घरची. दाखव नं! घरच्यायपैकी कोन उष्टं उचलून राह्यलं, एक मानूस दाखव मले."

"काकी, तमाशा करू नका."

"तमाशा मी केला? आमच्या पोरीच्या अंगावर जाकीट टाकताना तमाशा नव्हता?"

"अवो, फुकट थोडीच बलावलं!" घनश्यामचा आवाज चढला, आणि फेट्याखालून खरं तेच बाहेर पडलं. "रोजी देनारच होतो नं तिघायची. कोनाची मेहनत खाल्ली हाय कां आमी आजवर?"

मागं श्रुतिका येऊन उभी होती, तिच्या मागं नथ्थू. तिघांनीही ते ऐकलं होतं.

"बस," मैनाबाई म्हणाली. "हेच पाह्यजे होतं मले तुह्या तोंडून. रोजीनं बलावलं होतं तं रोजीनं सांगाचं. दारूड्यालेही माह्या घरी कामाले बलावते तं काम सांगून बलावते मी. तुनं आवतनाची भाषा काहून वापरली? 'सगळे या', 'सैपाक करू नका', 'पोरीले आना'. हा मानूस बिनचहाचा फिरला आज. साऱ्या मोहल्ल्यात सांगून आला, घनश्यामनं चूलबंद देल्लं म्हनून."

"बरं, झालं नं आता?" घनश्याम दात आवळून म्हणाला. "चला, ताटं घ्या अन् जेवा. तिकडे बसा. कोन नाही म्हनते?"

"आता जेवाले सांगतो? तोंड बंद कराले? तुह्या मायनं अक्षता लांबून फेकल्या आमच्याकडे. माह्या काळजात तो राग अजून हाय. पन ती फेकाले तरी येत होती. तू तेवढा बी आला नाही."

तिनं काठी त्याच्या पायाशी टाकली. लांब स्टेजवर राखी बसली होती, अंगभर दागिने. तिनं मैनाबाईला ओळखून हात हलवला. मैनाबाईचा हात अर्धा वर गेला आणि परत पिशवीवर आला. पोरीशी भांडण नव्हतं. पण आता त्या स्टेजवर चढायचं म्हणजे याच्या गालिच्यावरून जायचं, आणि ते तिच्यानं होणार नव्हतं. ती वळली आणि मोठ्या दारातूनच बाहेर पडली. गुलाबपाणीवाल्या पोरींनी सवयीनं तिच्यावरही शिंपडलं.

बसस्टँडवर नथ्थूनं समोशाच्या गाडीकडे पाहिलं. "पोरगी सकाळपासून उपाशी हाय," तो म्हणाला.

"मी बी हावो. घरी जाऊन चूल पेटवीन, मंग खाऊ."

तिघं बसमध्ये बसली. गाव जवळ आल्यावर मैनाबाईनं विचारलं, "काठी काहून घेतली तुमी?"

नथ्थू खिडकीबाहेर पाहत राहिला. तिकडेच बघत म्हणाला, "म्या नाही घेतली. हाताले सवय हाय."

तिला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण त्या उत्तरावर ओरडायला जागा नव्हती. तो राग तिनं गिळला. गिळलेला राग पचत नाही, तो बसून राहतो.

घरी येऊन तिनं चूल पेटवली. धूर निघालेला पाहून शेजारची सुखरामची बायको कुंपणावरून म्हणाली, "काहून वो मैनाबाई, आज तं तुमची चूल बंद होती नं?"

"होती. आता पेटली. भाकर पाह्यजे तं ये, नाही तं आपल्या घरात जा."

जेवताना श्रुतिका ताटात बोट फिरवत म्हणाली, "आजी, मीच म्हनलं होतं इन्व्हाइट हाय म्हनून. मले तवाच शंका होती."

"शंका होती तं बोलाची. आबाले बरं वाटावं म्हनून शब्द बदलाचा नाही. तुले शब्द शिकाले पाठवते मी, गोड बोलाले नाही."

पोरीनं मान खाली घातली. आज मैनाबाईच्या तोंडून कोणीच सुटलं नाही.

मग रोवणी आली. गावातल्या बांध्या पाण्यानं भरल्या, चिखलणी झाली. घनश्यामचे पऱ्हे, म्हणजे लावणीची रोपं, सगळ्यात आधी तयार होते, कारण त्याच्याकडे बोअर होता. चांगल्या चिन्नोर धानाचे पऱ्हे. वेळेत उपटून लावले तर सोनं, उशीर झाला तर गवत. दरवर्षी त्याच्याच बांधीत मैनाबाईची टोळी पहिल्यांदा उतरायची. या वर्षी टोळी प्रेमलालच्या बांधीत उतरली.

घनश्यामचा फोन आला. नथ्थूनं हातात घेतला, बायकोकडे पाहिलं आणि फोन वाजत असतानाच कोनाड्यात ठेवून दिला. पुन्हा आला. पुन्हा वाजून थांबला. मग एक दिवस राकेश मोटरसायकल घेऊन आला. बांधावर थांबून त्यानं हॉर्न वाजवला.

"काकी! चाचा ने बुलाया है। कल से टोली लेके आना।"

मैनाबाई गुडघाभर चिखलात वाकलेली होती. तिनं वर पाहिलंही नाही.

"बुलाया हाय नं? सांगतलं नं तू? मंग जा आता."

"क्या बोलूँ उनको?"

"बोल, काकीनं ऐकलं."

टोळीतल्या बाया हसल्या, पण संध्याकाळी त्यांच्यातली एक कुरकुरली. "तुह्या रागापायी आमाले काहून ओढतं वो? घनश्यामच्या बांध्या मोठ्या हायेत. चार दिवस जास्त चाललं असतं काम."

"तुले जायाचं तं जा," मैनाबाई म्हणाली. "म्या कोनाचा हात नाही धरला. पन प्रेमलालचं संपलं का पलीकडचे दोन घरं थांबून हायेत, अन् ते दोघंही दारात येऊन सांगून गेले. हे बी ध्यानात ठेव."

ती बाई गेली नाही. दुसरी कोणीही गेली नाही. लामत्याकडच्या टोळ्या दुसऱ्या शेतकऱ्यांनी आधीच बोलून ठेवल्या होत्या. घनश्यामनं रोवणीचं मशीन मागवलं, ते खोल चिखलात रुतलं आणि ट्रॅक्टरनं ओढून काढावं लागलं. तिकडे पऱ्ह्यांची टोकं पिवळी पडू लागली.

एका सकाळी मैनाबाई चुलीवर चहा ठेवत होती, तेव्हा अंगणात गाडीचं दार वाजलं. पांढरी गाडी. घनश्याम उतरला, एकटाच. हातात स्टीलची वाटी होती. अंगणात तो जरा थांबला. हा अंगणापर्यंतही कधी आला नव्हता. मग ओट्याखाली त्यानं चपला काढल्या, एक सरळ पडली, एक उलटी, आणि ओटा चढून उंबऱ्याशी आला. वाटीत हळदीचे तांदूळ होते.

"काकी," तो म्हणाला. त्याचा चेहरा औषध प्यायल्यासारखा होता. "झालं ते झालं. बायको म्हनली, रीतीनं जा. तं रीतीनं आलो. रोवणीचं आवतन हाय. टोळी घेऊन या."

कामाचं आवतन कोणी कधी दिलं नव्हतं. नथ्थू खाटेवर बसला होता, तो उठून उभा राहिला. श्रुतिका वही मिटून दारात आली.

"ठेव," मैनाबाई म्हणाली.

घनश्यामनं वाकून चार दाणे उंबऱ्यावर ठेवले. मैनाबाईनं ते उचलून तळहातावर घेतले, पाहिले, मग नातीकडे वळली.

"तुह्या सरनं काय सांगतलं होतं वो? आवतन आलं का मानसाले काय काय म्हनता येते?"

श्रुतिका घनश्यामकडे पाहून क्षणभर घुटमळली. आजीनं डोळे वटारले नाहीत, काही खुणावलं नाही. नुसती थांबली.

"हौ बी म्हनता येते," पोरगी म्हणाली. "अन् नाही बी म्हनता येते."

"मंग, घनश्याम," मैनाबाई म्हणाली, "नाही."

"काय?"

"नाही म्हनते. येत नाही आमी."

"अवो काकी, मी उंबऱ्यावर आलो तुमच्या!" त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. "आमच्या घरातलं कोनी कधी आलं होतं कां इथं? पाया पडू आता?"

"उंबऱ्यावर आला म्हनूनच उत्तर देऊन राह्यली. फोनले तं मी उत्तर बी देल्लं नव्हतं. जन्मभर तुमच्या घरानं बलावलं अन् आमी आलो. नाही म्हनाची जागाच ठेवली नव्हती तुमी कोनी. आज पह्यल्यांदा तू जागा ठेवली, तं मले म्हनू दे."

"माहे पऱ्हे जळून राह्यले काकी."

"पाह्यले मी. चांगले पऱ्हे हायेत. वाईट वाटते." तिला खरंच वाटत होतं. धानाशी तिचं वैर नव्हतं. "पन येत नाही."

"बरं नाही केलं हे तुमी. ध्यानात ठेवीन मी."

"ठेव. पन राग धरू नको. आवतन देनाऱ्यानं राग धराचा नसते, असं शिकवतात इंग्रजीत. आमच्याकडे बी तसंच हाय."

ती आत गेली आणि पेटीतून पिशवी घेऊन आली. आतली साडी घडीचीच होती.

"हे राखीले दे. तिच्या लग्नातली राह्यली माह्यापाशी. सांग तिले, न्हाऊ घालनाऱ्या बाईनं देल्ली."

घनश्यामला ती घ्यावी की नाही ते कळेना. शेवटी त्यानं घेतली, काखेत मारली आणि वळला. नथ्थू त्याच्या मागोमाग ओट्याच्या कडेपर्यंत गेला. खाली घनश्यामची एक चप्पल उलटी पडली होती. नथ्थू वाकला. हात चपलेकडे गेला.

मैनाबाईनं दारातून पाहिलं. या वेळी तिला बोलायचं नव्हतं.

हात मध्येच थांबला. चपलेपासून वीतभर अंतरावर तो तसाच लोंबकळत राहिला. मग नथ्थूनं त्याच हातानं आपला गुडघा खाजवला, सरळ उभा झाला आणि म्हणाला, "सांभाळून उतर बाबू. पायरी ओली हाय."

घनश्यामनं पायानंच चप्पल सरळ केली. गाडीचं दार आपटलं.

"चहा उतू गेला वो," नथ्थू म्हणाला.

"जाऊ द्या," मैनाबाई म्हणाली, आणि चुलीत आणखी एक लाकूड सरकवलं.